फाटक्या कपड्यांतल्या मुलांची शाळा

लंडनच्या पूर्व भागात, माइल एंडजवळ, रीजंट्स कालव्याला लागून तीन जुनी गोदामं आहेत. १८७७ मध्ये निराधार मुलांसाठी काम करणारे समाजसेवक थॉमस बर्नार्डो यांनी तिथे गरीब मुलांसाठी मोफत शाळा काढली. अशा शाळांना तेव्हा ‘रॅगेड स्कूल’ म्हणत. रॅगेड म्हणजे फाटक्या-तुटक्या कपड्यांतली. मुलांच्या अंगावर जे होतं तेच शाळेचं नाव झालं, हे मला फार लागतं.

सरकारी शाळांचा कायदा १८७० मध्येच झाला होता. १८८० मध्ये तर पाच ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची झाली. मग या गोदामांची गरज का उरली? कारण फी. आठवड्याला मोजके पेन्सच, पण गोदीत रोज काम मिळेलच याची खात्री नसलेल्या बापाला तेही जड जात. बहुतेक शाळांतली फी गेली ती १८९१ नंतर. शिवाय पोरगं उपाशी असेल तर धडा डोक्यात काय शिरणार? म्हणून इथे हिवाळ्यात खाणंही मिळायचं. खेळायला अंगण नव्हतं, मुलं तळघरात खेळायची. लंडनमधली अशी सर्वांत मोठी शाळा हीच.

बर्नार्डोंचं काम मोठं आहे, मी ते मानतो. पण देणग्या मिळवण्यासाठी ते मुलांचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे फोटो विकायचे, आणि ‘आधी’चे काही फोटो मुद्दाम तसे सजवून काढलेले होते. १८७७ मध्येच लवादाने त्यावर ठपका ठेवला. दयेवर चालणाऱ्या शाळेची हीच अडचण आहे असं मला ठामपणे वाटतं. दात्याचा हात खिशात जावा म्हणून मुलाला आहे त्याहून दीनवाणं दिसावं लागतं. हक्काच्या शाळेत त्याला नुसतं हजर राहिलं की पुरतं.

म्हणून या इमारतीच्या इतिहासात मला सगळ्यांत आवडणारं साल १९०८. आसपास पुरेशा सरकारी शाळा झाल्या आणि ही बंद झाली.

पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गोदामं पाडायची वेळ आली, तेव्हा आसपासचे रहिवासी एकत्र आले आणि त्यांनी ती वाचवली. १९९० पासून तिथे संग्रहालय आहे. दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये ते पुन्हा उघडलं. जुन्या पद्धतीचा वर्ग तिथे मांडलेला आहे, आणि आजची शाळकरी मुलं त्या बाकांवर बसून पाटीवर अक्षरं गिरवतात.