माणूस पाठवतो

भाड्याच्या घरातला गिझर बंद पडलाय? अभिनंदन. ऐन थंडीत पडला असेल तर दुप्पट अभिनंदन, कारण असले गिझर पंचांग बघूनच बंद पडतात. मी या विषयातली ताजी जाणकार आहे. आज ३९वा दिवस. एवढं ज्ञान एकटीने साठवून ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून तुमच्या हिताच्या चार गोष्टी सांगते.

सगळ्यात आधी, घरमालकांना फोन करताना आवाज मऊ ठेवा. "काका, कामात तर नव्हता ना?" इथून सुरुवात करावी. गिझर त्यांचा, भाडं आपलं, पाणी गार, तरी ओशाळायचं आपणच. मग त्यांच्या गुडघ्यांची चौकशी, परदेशातल्या मुलाची चौकशी, आणि फोन ठेवता ठेवता, जणू आत्ताच आठवलं अशा सुरात, गिझर. पलीकडून "बघतो" असं उत्तर येईल. शाळेत 'बघतो' हे क्रियापद म्हणून शिकवतात. भाड्याच्या घरात ते अव्यय असतं. काळ कोणताही असो, रूप बदलत नाही.

'बघतो'नंतरची पायरी म्हणजे "माणूस पाठवतो". या माणसावर श्रद्धा ठेवा. तो उद्या सकाळी येणार असतो, त्यामुळे ऑफिसातून हाफ डे घ्या. दुपारी चारला त्याचा फोन येईल, "मॅडम, मगाशी तुमच्याच बाजूला होतो, आता लांब आलो." असं तीनदा झालं की चौथ्यांदा तो खरंच येतो. माझ्याकडे ११व्या दिवशी आला. हात हलवत आला. शिडी नाही, पान्हा नाही, टेस्टर नाही. माझ्याच स्टुलावर चढला, गिझरवर दोन टिचक्या मारल्या, मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाला, "कॉइल गेली." मग व्हिजिटचे पैसे मागितले. कॉइल आणायला म्हणून जो गेला तो अजून बाजारातच असावा.

तोवर रॉड वापरा. बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय बादलीत बोटसुद्धा घालू नका. हे वाक्य मी गमतीत लिहिलेलं नाही.

दोष स्वतःकडे घ्यायला शिका. "तुमच्या आधीचे लोक तीन वर्षं होते, कधी तक्रार नाही" हे तुम्हाला ऐकवलं जाईलच. आधीचे भाडेकरू हे एक वेगळंच संतमंडळ आहे. त्यांनी भिंतीला खिळा मारला नाही, त्यांचा नळ गळला नाही, आणि बहुतेक त्यांनी आंघोळही केली नाही. बोअरचं आणि टँकरचं जड पाणी वर्षानुवर्षं टाकीत तापलं की कॉइलवर क्षारांचा थर बसतो. कॉइलची उष्णता पाण्यात नीट उतरत नाही आणि ती आतल्या आत तापून जळते. टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, तो स्वतः झिजतो आणि टाकी वाचवतो. तो मधूनमधून तपासायचा, झिजला की बदलायचा. आमचा गिझर इमारतीच्या वयाचा आहे. पहिल्या दिवसापासून तो कुणी उघडलेला नाही. पण कॉइल माझ्या काळात जळली ना? मग मीच जाळली.

आता अ‍ॅग्रीमेंट काढून वाचा. अंगठा लावताना वाचलं नव्हतंत, मीही नव्हतं. एजंट बायोमेट्रिकचं यंत्र घेऊन घरी येतो, त्याला पुढे अजून दोन घरं करायची असतात, आणि आपण सोफ्यावर बसल्या बसल्या अकरा महिन्यांचं नशीब नोंदवतो. माझ्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये 'गिझर, १ नग, चालू स्थितीत' असं छापलंय. त्याच्या दोन पानं पुढे 'किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने करावी' असंही छापलंय. किरकोळ म्हणजे काय, हे कुठेच नाही. काकांच्या मते, जे बिघडतं ते किरकोळ. स्लॅब कोसळला तर कदाचित निम्मं किरकोळ.

आणि हो, स्वतःला भाडेकरू म्हणवून घेत असाल तर तेही थांबवा. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतोच, नुसता परवानाधारक असतो. ही सोय १८८२च्या कायद्यातली आहे. म्हणजे इंग्रजांच्या काळापासून तुम्ही इथे 'राहत' नाही, तुम्हाला फक्त आत येऊ दिलेलं आहे. भाडं मात्र भाडेकरूसारखंच द्यायचं, ५ तारखेच्या आत.

तिसऱ्या आठवड्यात काकांच्या भाच्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक पान पाठवलं. केंद्राने २०२१ साली मंजूर केलेला आदर्श भाडे कायदा, त्याच्या परिशिष्टात भाडेकरूच्या खात्यावर 'गिझर दुरुस्ती' अशी ओळ, त्या ओळीला लाल गोल. खाली हात जोडलेली इमोजी. मुलगा हुशार आहे. फक्त हा केंद्राचा नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय तो इथे लागू होत नाही, एवढंच त्याने सांगितलं नाही. आणि गोल जरा लहान काढला. त्याच परिशिष्टात घरातलं वायरिंग मालकाच्या खात्यावर आहे. त्याच कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घ्यायचं नाही, असं आहे. माझ्याकडून सहा महिन्यांचं घेतलंय. मी तेवढ्या ओळींना गोल काढून परत पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

वायरिंगचा विषय निघालाच आहे, तर पुढचा सल्ला नीट ऐका. गार पाण्याला फार कंटाळलात की मालक त्यांच्या 'ओळखीतला' माणूस पाठवतात. हा कॉइल बदलत नाही, 'जुगाड' करतो. आमच्याकडे २४व्या दिवशी त्याने दहा मिनिटांत गिझर सुरू करून दाखवला, लाल दिवा लागला, मी त्याला चहा दिला. दुसऱ्या दिवशी माझी आई आली होती. तिने न्हाणीघरात नळाला हात लावला आणि ओरडून मागे सरकली. नळात करंट. मी मेन स्विच बंद केला आणि काकांना फोन लावला. गुडघ्यांची चौकशी यावेळी केली नाही. काका म्हणाले, "अगं, जुन्या वायरिंगमध्ये थोडं लागतंच. चप्पल घालून आंघोळ करा."

चप्पल घालून.

म्हणजे सल्ले द्यायचे ते मी काय देणार. ६७ वर्षांची बाई, ओले पाय, लोखंडी नळ, आणि वर हा उपाय. मी माझ्या पैशाने इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने बोर्ड उघडून दाखवला, अर्थिंगची तार मागे नुसती मुरडून कोंबलेली, कशालाच जोडलेली नाही. करंट गळला की लाइन तोडणारा ईएलसीबी घरात नाही. कितीतरी वर्षं नाही. त्या संतमंडळाने तक्रार केली नाही म्हणे! हा गिझर नव्हता हो काका, हा फास होता, आणि त्याचं तुम्ही महिन्याच्या महिन्याला भाडं घेत होता.

बस झालं. आता सरळच बोलते, आणि आधी आपल्याशीच बोलते. आपण व्हॉइस मेसेज पाठवत बसतो, लेखी एक ओळ देत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९चा आहे, त्याचं कलम १४ वाचा. वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची, तरी वाजवी वेळेत दुरुस्ती झाली नाही तर स्वतः करून घ्यायची, बिलं जपायची, आणि खर्च भाड्यातून वळता करायचा, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. तक्रार केली म्हणून कुणी भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडली, तर कलम २९ खाली तो गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपण परवानाधारक असू तर सगळा भार अ‍ॅग्रीमेंटवर, म्हणून अंगठा लावायच्या आधी 'किरकोळ'च्या पुढे एकेक वस्तू नावाने लिहून घ्या. एजंटला पुढची दोन घरं आहेत? थांबेल तो. नोंदणी करून घेणं ही मालकाची जबाबदारी आहे, आपल्यावरचे उपकार नाहीत. मला हे सगळं ३० दिवस गार पाण्याने अंघोळ केल्यावर वाचावंसं वाटलं, ही माझीच लायकी.

आणि काका, नोटीस परवा स्पीड पोस्टाने पाठवली आहे, सोबत इलेक्ट्रिशियनच्या बिलाची आणि त्या मुरडलेल्या तारेच्या फोटोची प्रत. तुमचा आजचा मेसेजही मिळाला, "५ तारीख लक्षात आहे ना?" आहे. इतक्या महिन्यांत एकदाही चुकलेली नाही. गिझर बदला, अर्थिंग करून द्या, ईएलसीबी बसवा. माणूस पाठवाल तेव्हा त्याच्यासोबत पान्हाही पाठवा.