तंबोरा कॅल्गरीतच राहू दे

माझ्या नवऱ्याच्या तंबोऱ्याचं काय करायचं, याची चर्चा आमच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांत बरेच दिवस चालू आहे. तो गेला त्याला आता वर्ष होऊन गेलं. धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, दादाचा तंबोरा इकडे पाठवा. एखाद्या संगीत विद्यालयाला देऊ, वाजता तरी राहील." नणंदबाईंचं म्हणणं, जे वाद्य वाजत नाही ते घरात ठेवू नये, त्यात माणसाचा जीव अडकतो. इथल्या, म्हणजे कॅल्गरीच्या, शेजारणी वेगळ्या वाटेने तिथेच येतात: मोठं घर सोड, सामान कमी कर, तंबोऱ्याचा फोटो काढून ठेव आणि तो कुणाला तरी देऊन टाक. या सगळ्यांचा माझ्यावर जीव आहे हे मला ठाऊक आहे. तरी मी तंबोरा पाठवणार नाही. का, ते नीट लिहून काढावंसं वाटलं, कारण हा प्रश्न इथल्या पुष्कळ मराठी घरांत येऊ घातला आहे. ज्या पिढीने पेट्या, तबले, सतारी उरापोटाशी धरून समुद्रापार आणल्या, ती आता थकली आहे.

तंबोरा मिरजेचा. इकडे यायचं ठरलं तेव्हा माझा नवरा मिरजेला जाऊन, कारागिरांसमोर बसून, स्वतःच्या गळ्याला तो बनवून घेऊन आला. मिरजेत ही कला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आहे. शस्त्रं घडवणाऱ्या, त्यांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करता करता ती बनवायला घेतली आणि पुढे त्या घराण्यांचं आडनावच सतारमेकर झालं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, अब्दुल करीम खाँ असे मोठे गवई त्या गावात राहिले, गायले. करीम खाँसाहेबांना तर वाद्यांच्या दुरुस्तीची आणि जवारीची, म्हणजे तारेचा झंकार घडवण्याची, स्वतःलाच उत्तम जाण होती. गाणारा आणि घडवणारा एका गावात असले की वाद्य कसं सुधारत जातं, याचं मिरजेइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. भोपळा पंढरपूरच्या बाजूचा, भीमेकाठच्या मळ्यांतला. तो महिनोन् महिने वाळवायचा, मग कापून त्यावर तबली, म्हणजे लाकडी झाकण, बसवायची, दांडी जोडायची, आणि शेवटी तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवून जवारी काढायची. घोडीची ती किंचित उतरती पाठ आणि तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा, एवढ्यावर सगळा झंकार उभा असतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा नवरा हयात असता तर त्याने दिवसभर सगळ्यांना फोन केले असते.

घरच्यांच्या बोलण्यात एक गोष्ट सुटते, म्हणून सांगते. "लेकीसाठी ठेव" असंही काहीजण सुचवतात. लेक गाते, चांगलं गाते. पण तिची पट्टी, म्हणजे तिच्या आवाजाचा मूळ सा, पेटीच्या काळी चारवर आणि हा तंबोरा त्याहून बराच खालच्या काळी एकचा, मर्दानी, लांब दांडीचा. त्याच्या तारा तिच्या पट्टीपर्यंत ताणल्या तर तुटतील. बारीक तारा घालून कसाबसा चढवला तरी त्या भोपळ्याचा भारदस्तपणा जाईल. तंबोरा गळ्याच्या मापाचा असतो. तो कुणाला द्यायचा हे रक्ताच्या नात्यावरून ठरवता येत नाही, आणि विद्यालयाच्या पाटीवरूनही नाही. तो काळी एकला किंवा फार तर पांढरी दोनला गाणाऱ्या माणसाकडेच जायला हवा.

आता घाईविषयी. आपल्याकडे बाराव्या-तेराव्याला शय्यादान करतात, गेलेल्या माणसाचं अंथरूण, छत्री, चपला देऊन टाकतात. मला या प्रथेत शहाणपण दिसतं. गरजूला वस्तू मिळते, आणि घरातल्या माणसाला रोज त्या चपलांकडे पाहावं लागत नाही. मीही त्याचे कोट आणि बर्फातले बूट पहिल्याच हिवाळ्यात दिले, इथे त्यांची गरज असणारी माणसं पुष्कळ आहेत. इथली रीत बरोबर उलटी: पहिलं वर्ष कोणताही मोठा निर्णय घेऊ नका, असं डॉक्टरपासून बँकेतल्या बाईपर्यंत सगळे सांगतात. मला दोन्ही रीती आपापल्या जागी पटतात. कपड्यांना आपली रीत लावावी आणि वाद्याला इथली.

पण मला खरी टोचली ती दुसरी गोष्ट. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. हेरवाड मिरजेपासून फार लांब नाही. आमच्या घरात त्या ठरावाचं मनापासून कौतुक झालं, दिरांनीही केलं, आणि माझ्या कपाळाला किंवा हाताला कुणी हात लावला नाही. याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मग त्यांच्याकडे माझं मागणं एवढंच आहे की तोच विचार आणखी एक पाऊल पुढे न्यावा. नवरा गेल्यावर बाईच्या अंगावर काय राहावं हे ती ठरवणार असेल, तर तिच्या खोलीच्या कोपऱ्यात काय उभं राहावं हेही तिनेच ठरवायचं. "आता तुला त्याचा काय उपयोग" हा प्रश्न मला प्रेमाने विचारला जातो, पण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी बायकांना याच शब्दांत दागिन्यांबद्दल विचारलं जायचं.

वाद्य वाजत राहिलं पाहिजे, हा दिरांचा मुद्दा मात्र मी हलका मानत नाही. तारा उतरवून गवसणीत ठेवलेला तंबोरा हळूहळू मरतो, हे खरं आहे. म्हणून तो ठेवायचा तर त्याची सेवा करावी लागते, आणि कॅल्गरीत ती सोपी नाही. हिवाळ्यात इथे घरं तापवली की आतली हवा इतकी कोरडी होते की आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास येते. लाकडाच्या वाद्यांना चाळीस ते साठ टक्के लागतात. सगळं घर दमट करावं म्हटलं तर बाहेर उणे तीस असताना खिडक्यांवर आतून बर्फ धरतं. त्यात मध्येच डोंगरावरून चिनूक वारा सुटतो आणि एका दिवसात तापमान वीस-वीस अंशांनी वर जातं. भोपळ्याला आणि तबलीला हे सोसत नाही, सांधे उकलतात. म्हणून तो एका छोट्या, बिनखिडकीच्या खोलीत असतो, तिथे आर्द्रतामापक आहे आणि हवेत ओलावा सोडणारं यंत्र आहे. तारा मी अधूनमधून चढवते, जुळवते, पुन्हा थोड्या उतरवते. खर्ज, म्हणजे सर्वांत खालच्या सा ची तार, नीट लागला की त्यातून आपोआप गंधार, म्हणजे ग, ऐकू येतो. लग्नानंतर तो ऐकायला मला नवऱ्याने शिकवलं, आणि तो आला नाही तर मी उठत नाही.

आणि तिकडे पाठवला तर काय होईल? आधी विमानाचा प्रवास, जवळजवळ पाच फुटी पेटीतून. भोपळा फुटून पोहोचलेली वाद्यं ओळखीच्या घरांतून पाहिलेली आहेत. एखाद्या जुन्या तंबोऱ्यावर हस्तिदंताची नक्षी असेल तर सीमेवर परवान्यांचा प्रश्न वेगळाच. आमच्यावर ती नाही. पोहोचल्यावर तो विद्यालयात जाईल, जिथे देणगीच्या वाद्यांना सांभाळणारा माणूस असेलच असं नाही. मी ज्या संगीतवर्गात लहानपणी शिकले, तिथे माळ्यावर खुंट्या निखळलेले दोन तंबोरे होते, दोन्ही कुणाच्या तरी स्मरणार्थ दिलेले. देणाऱ्यांची नावं पितळी पट्टीवर स्पष्ट वाचता येत होती.

माझं म्हणणं असं आहे. महाराष्ट्रात तंबोऱ्याची टंचाई नाही. मिरजेत आजही हवा तसा, हव्या पट्टीचा तंबोरा बनवून मिळतो. टंचाई आहे ती तो विकत घेणाऱ्यांची, आणि म्हणून सतारमेकरांच्या घरातली मुलं दुसरे व्यवसाय बघतात. मानांकनाचा कागद त्यांना गिऱ्हाईक आणून देत नाही. परदेशातून जुना तंबोरा फुकट धाडणं म्हणजे त्या कारागिराचं एक काम कमी करणं. त्यापेक्षा आपण नवऱ्याच्या, बायकोच्या नावाने मिरजेत नवा तंबोरा सांगावा, गाणं शिकणाऱ्या पण ऐपत नसलेल्या एका मुलाच्या किंवा मुलीच्या गळ्याला बेतून. तो त्या विद्यार्थ्याच्याच घरी राहावा, संस्थेच्या कपाटात नको. दिरांना मी हेच सांगितलं आहे आणि पैसे पाठवायची तयारी ठेवली आहे. विद्यार्थी त्यांनी शोधायचा आहे.

उलट इथे, कॅनडाच्या पश्चिमेला, चांगला तंबोरा मिळणं आणि त्याची जवारी काढणारा माणूस भेटणं, दोन्ही दुर्मीळ. इथली मुलं फोनमधल्या तंबोऱ्यावर शिकतात. त्यावरून मायदेशी अजूनही वाद होतो. बंगळुरूच्या राजनारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला तेव्हापासून, म्हणजे जवळजवळ अर्धं शतक, हा वाद चालू आहे. रियाजाला यंत्र चालतं, यात मला शंका नाही. एकट्याने परदेशात राहून गाणं टिकवलेल्या कितीतरी जणांनी ते त्याच्याच आधाराने टिकवलं. पण यंत्र जुळवलेलंच येतं. तार खुंटीने चढवायची, मण्याने बारीक सारायची, जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन सारख्या तारांमधला, फरक मिटेपर्यंत कान लावून बसायचं, हे शिक्षण त्यात नाही. माझा नवरा गाण्याआधी कितीतरी वेळ फक्त जुळवत बसायचा आणि त्यालाच रियाजाचा अर्धा भाग मानायचा. इथल्या एखाद्या मुलाला हे हाताने शिकायला मिळायचं असेल तर असे दोन-चार तंबोरे या शहरात राहायला हवेत.

म्हणून तो राहील. माझ्या ओळखीत काळी एकला गाणारा एक मुलगा आहे, विद्यापीठात शिकतो, आवाज अजून पक्का व्हायचाय. त्याला मी दर आठवड्याला येऊन तंबोरा जुळवायला सांगितलं आहे. आधी जुळवणं, मग गाणं. वर्ष-दोन वर्षं तो टिकला आणि त्याच्या घरी कोरडेपणावर काही उपाय झाला तर तंबोरा त्याच्याकडे जाईल, देणगी म्हणून नव्हे, उसना. गाणं सुटलं तर परत आणायचा या बोलीवर. नाही टिकला तर दुसरा कुणी येईपर्यंत मी आहेच. लेकीला हे सगळं लिहून दिलं आहे, पट्टी, तारांचे क्रमांक, आर्द्रता, मिरजेतल्या कारागिराचा पत्ता, म्हणजे माझ्यानंतर तिला नातेवाइकांची सभा बोलवावी लागणार नाही.