मावशी, सायडर म्हणजे व्हिनेगर नव्हे

नाशिकच्या मावशीचा रात्री मेसेज: "दिवाळीला येताना दोन बाटल्या आण." खाली फॉरवर्ड. इंग्लंडच्या खेड्यांत शेतकरी घरीच सायडर करतात, तो सफरचंदाचा शुद्ध रस, नशा अजिबात नाही, सकाळी उपाशीपोटी ग्लासभर घेतला की शुगर उतरते, पूर्वी मजुरांना पगारात तोच द्यायचे, आणि औषधी म्हणून सरकार त्यावर करसुद्धा लावत नाही. शेवटी हात जोडलेले आणि 'दहा जणांना पाठवा'.

मी इंग्लंडात हेरिफर्डशरला राहते, सायडरच्या सफरचंदांच्या बागांच्या मधोमध. आणि मावशी ग्लिमेपिराइड घेते, डायबेटिसची गोळी. गप्प कशी बसू?

आपल्याकडे हा शब्द ॲपल सायडर व्हिनेगरच्या बाटलीवरून आला, घोळ तिथेच झाला. इंग्लंडात सायडर म्हणजे आंबवलेला रस. दारूच. इथल्या कराच्या नियमातच ते १.२ टक्क्यांहून जास्त आणि ८.५ टक्क्यांहून कमी अल्कोहोलचं पेय आहे. माझ्या ओट्यावरच्या बाटलीवर ६.५ छापलंय, साध्या बिअरहून कडक.

आता ते 'उपाशीपोटी'. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतं. साखर फार खाली आली की यकृत नवी साखर तयार करून सावरून घेतं. पोटात दारू असली की यकृताचं नेमकं तेच काम अडतं. म्हणजे शुगर उतरेल हो, इतकी की बाई घामाघूम होऊन पडेल. आणि तोंडाला वास, म्हणून घरचे म्हणतील चढली असेल, झोपू द्या. हे लिहिणाऱ्याला कोणी विचारलं होतं?

'शुद्ध'चं अर्धं खरं आहे, देते. कायद्याला ३५ टक्के रस पुरतो, पण छोटे शेतकरी बरेचदा निव्वळ रसाचंच करतात. गेल्या नोव्हेंबरात एका शेतावर पाहिलं: सफरचंदाचा चोथा कापडात गुंडाळून थरावर थर रचतात, त्या चळतीला 'चीज' म्हणतात, आणि वरून दाबतात. खाली पडलेलं एक फळ मी चावलं, तर हिरडा चघळल्यासारखी जीभ ओढली. हा तुरटपणाच त्यांना हवा असतो.

पण गावठी म्हणजे निर्धोक, हे कुठून आलं? अठराव्या शतकात इंग्लंडच्याच डेव्हन परगण्यात सायडर पिणाऱ्यांना भयंकर पोटशूळ उठायचा, हातातली ताकद जायची. जॉर्ज बेकर या डॉक्टरने १७६७ मध्ये दाखवलं की तिथल्या घाण्यांत शिसं वापरलेलं होतं आणि ते सायडरमध्ये उतरत होतं. हेरिफर्डशरच्या घाण्यांत शिसं नव्हतं, तिथे हा आजारही नव्हता. दोन्हीकडचे लोक शेतकरीच.

मजुरांना पगारात द्यायचे, खरंय. म्हणूनच १८८७ मध्ये कायद्याने ते बंद केलं.

आणि करमाफी औषधाला नाही, छोट्या उत्पादकाला आहे: वर्षाला ७,००० लिटरपर्यंत.

सकाळी मावशीला फोन करून हे सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "बरं, मग व्हिनेगर आण."

अगं, ते तुझ्या कॉलेज रोडवर मिळतं.