चांगल्या घरातल्या माणसांसाठी

एचआयव्हीची तपासणी तुम्ही मुळीच करू नका. तुम्ही दादरला राहता, घरी दीड दिवसाचा गणपती येतो, लग्न पत्रिका बघून ठरलंय. रक्तात शिरण्याआधी विषाणू घराण्याची चौकशी करतोच. छत्तीस गुण पाहिले, मंगळ पाहिला, फ्लॅटचा कार्पेट एरियासुद्धा पाहिला. आता रक्त तपासा म्हणणं म्हणजे व्याह्यांचा अपमान.

काळजी घ्यायची ती मावशींच्या कपाची. त्यांचा नवरा ‘त्या’ आजाराने गेला असं कानावर आलं ना? मग कप वेगळा, तोही कान तुटलेला. कपातून, डासातून किंवा विरार लोकलमधल्या घामातून एचआयव्ही होत नाही, असं डॉक्टर म्हणतात. म्हणू देत. असुरक्षित शरीरसंबंध, बाधित रक्त, वापरलेली सुई आणि बाधित आईकडून बाळाला, या त्याच्या खऱ्या वाटा. पैकी पहिलीचा विषय निघाला की तुम्हाला तुमची बँकॉकची ट्रिप आठवते, तेव्हा तो काढूच नका.

शिवाय तुम्ही ठणठणीत आहात. उपचार नसतील तरी हा विषाणू कित्येक वर्षं गुपचूप रोगांशी लढणाऱ्या सीडी-४ पेशी खात बसतो आणि चेहऱ्यावर काही दिसत नाही. त्या एका घन मिलिमीटर रक्तात २०० च्या खाली गेल्या, किंवा क्षयासारखे आजार अंगावर बसले, की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. तोवर ‘जरा वजन उतरलंय’ एवढ्यावर भागतं.

सरकार मात्र भोचक. सरकारी दवाखान्यात मोफत आणि गुप्त तपासणी, १०९७ या हेल्पलाइनवर फुकट सल्ला, २००४ पासून एआरटीची, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी, औषधंही मोफत. २०१७ पासून तर सीडी-४ कितीही असोत, निदान झालं की औषध सुरू. बहुतेकांना दिवसाला एक गोळी. ती नेमाने घेऊन विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागणही होत नाही. इतकं सोपं झालं तर जिन्यात कुजबुजायचं कशावर?

म्हणून कुजबुज चालू ठेवा. तिच्यामुळेच बाटलीवरचं लेबल नखाने खरवडलं जातं, गोळ्या बी-कॉम्प्लेक्सच्या डबीत जातात, आणि पर्समध्ये खुळखुळू नयेत म्हणून वर कापूस कोंबला जातो.

राहता राहिली सोसायटी. २०१७ च्या कायद्याने एचआयव्हीमुळे कोणाला नोकरी किंवा भाड्याचं घर नाकारता येत नाही. तेव्हा एनओसी नाकारताना कारणाच्या रकान्यात ‘पार्किंगची अडचण’ असं लिहा. भाडेकरूकडे गाडी नसली तरी चालतं.