‘दोन फटके द्या, एडीएचडी पळेल’ म्हणणाऱ्या मेसेजला एका शिक्षिकेचं उत्तर

आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर एडीएचडीवरचा, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाण्याच्या विकारावरचा, तोच मेसेज तिसऱ्यांदा फिरून आला. त्याचा सारांश असा: एडीएचडी हा औषध कंपन्यांनी काढलेला आजार, आमच्या वेळी तो नव्हता. मोबाईल, साखर आणि लाड यांनी पोरं बिघडली. गेम खेळताना तीन तास लक्ष लागतं, मग अभ्यासात का नाही? गोळ्यांनी पोर व्यसनी होतं. मोठ्यांचा एडीएचडी म्हणजे आळसाला दिलेलं इंग्रजी नाव. उपाय एकच, दोन फटके. खाली ‘अगदी बरोबर’ म्हणणाऱ्यांची रांग. मी २९ वर्षं प्राथमिकला शिकवलं आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

‘आमच्या वेळी नव्हता’ हे आधी घेते. स्कॉटिश डॉक्टर अलेक्झांडर क्रायटन यांनी १७९८ साली मनाच्या अशा अस्थिरतेबद्दल लिहिलं. १९०२ मध्ये लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी, बुद्धी ठीक असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांवर व्याख्यानं दिली. यावर सर्रास वापरलं जाणारं मिथाइलफेनिडेट हे औषध तयार झालं १९४४ मध्ये आणि बाजारात आलं १९५४ मध्ये. मुलं आधी दिसली, गोळी नंतर आली. आणि आपल्या वर्गांत ही मुलं नव्हती का? ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ हा शेरा आपण किती प्रगतिपुस्तकांवर लिहिला, आठवून पाहा. त्यातली काही सातवीत गळाली, काही नववीत. पटावरून नाव कमी झालं की आपल्या लेखी प्रश्न संपायचा.

लाडांचा मुद्दा आईबापांना सगळ्यात जास्त लागतो, विशेषतः आईला. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून दिसतं, की एडीएचडीमधला सुमारे ७४ टक्के फरक आनुवंशिकतेशी जोडलेला आहे. मोबाईलचा अतिवापर वाईटच. पौगंडावस्थेतल्या मुलांमध्ये तो आणि अशी लक्षणं यांच्यात थोडा संबंधही आढळला आहे. पण थोडा संबंध म्हणजे मूळ कारण नव्हे. साखरेवर १९९४ मध्ये एक प्रयोग झाला. साखरेनं आपला मुलगा चेकाळतो असं मानणाऱ्या आया निवडल्या. मुलांना दिलेल्या पेयात साखर नव्हतीच, पण निम्म्या आयांना सांगितलं की आहे. त्या आयांना आपला मुलगा जास्त चंचल वाटला आणि त्या त्याला अधिक चिकटून राहिल्या. आपण जे ऐकून बसलेलो असतो, तेच पोरात दिसू लागतं.

गेमचा मुद्दा बिनतोड वाटतो, म्हणून इथे जरा थांबते. एडीएचडी म्हणजे लक्ष अजिबात नसणं नव्हे. लक्ष आपल्या मर्जीनं वळवता न येणं, एका ठिकाणाहून सोडवून दुसरीकडे टिकवता न येणं, हा खरा त्रास. गेममध्ये काही सेकंदांनी गुण मिळतात, आवाज होतो, चित्र बदलतं. गृहपाठाचं फळ सहामाहीच्या निकालात. लांबच्या फळासाठी आत्ताचा कंटाळा सोसायची ताकद या मुलांत उशिरा येते. २००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी मेंदूचे स्कॅन तपासले. मेंदूच्या वरच्या आवरणाची वाढ ज्या टप्प्याला इतर मुलं साधारण साडेसातव्या वर्षी पोहोचत होती, तिथे एडीएचडीची मुलं साडेदहाव्या वर्षी पोहोचत होती. तीन वर्षांचं अंतर. चौथीच्या बाकावर बसलेल्या मुलाकडून आपण काय मागत होतो, याचा हिशोब करा.

माझ्या चौथीत एक मुलगा होता. दारापाशी उभा राहून, कडी हलवत, एकोणतीसचा पाढा न अडखळता म्हणायचा. त्याच पाढ्यावरची आठ गणितं वहीत सोडवायला दिली की तिसऱ्या गणिताला पेन्सिल थांबायची. मला ती मुजोरी वाटायची. ‘येतं ना तुला? मग करत का नाहीस?’ असं म्हणून मी त्याला तासभर अंगठे धरून उभं केलं आहे. एकदा नाही, अनेकदा. त्याला येत होतं. येत असलेलं वेळेवर हातून उतरत नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला निवृत्तीनंतर कळलं, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

गोळ्यांबद्दल. मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक, म्हणजे मेंदूला चालना देणारं औषध आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्याखाली नियंत्रित आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. त्यानं भूक कमी होते, झोप उशिरा येते, म्हणून वजन, उंची, रक्तदाब तपासत राहावं लागतं. अ‍ॅटोमॉक्सेटिन हे दुसरं औषध उत्तेजक गटातलं नाही. अगदी लहान मुलांत सुरुवात गोळीनं करतच नाहीत, आधी पालकांचं प्रशिक्षण. आणि व्यसन? उपचार घेतलेल्या मुलांत पुढे व्यसन वाढल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट, एडीएचडी असणं हाच व्यसनाचा धोका वाढवणारा भाग आहे.

एक गोष्ट मान्य करते. निदान चुकतं. वर्गात वयानं सगळ्यात लहान असलेल्या मुलांवर हा शिक्का जास्त बसतो, हे अनेक देशांत दिसलं आहे. ऐकू कमी येणं, अपुरी झोप, थायरॉइड, अध्ययन अक्षमता, घरातली भीती, यांतूनही मूल असंच दिसू शकतं. रक्ततपासणी किंवा स्कॅननं एडीएचडी ठरत नाही, आणि मोबाईलवरच्या दहा प्रश्नांनी तर मुळीच नाही. त्रास घरी आणि शाळेत, अशा किमान दोन ठिकाणी, सहा महिने तरी दिसायला हवा. पण निदान चुकतं म्हणून निदानच नको, हे कुठलं शहाणपण?

मोठ्यांचं सांगते. माझा धाकटा भाऊ ५१ वर्षांचा. खात्यात पैसे असून वीजबिल थकतं, समोर उभा असून दूध उतू जातं, चौथी नोकरी चालू आहे. वयाच्या बाराव्या वर्षाआधी लक्षणं असावी लागतात, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांनी त्याचं लहानपण विचारलं. आईनं ट्रंकेतून जुनी प्रगतिपुस्तकं काढून दिली. प्रत्येक इयत्तेत शेरा तोच, माझ्यासारख्याच कुणा बाईंनी लिहिलेला. आळशी माणूस कामाचा विचार सोडून देतो. हा रात्री दोनला उठून राहिलेल्या कामांची यादी करायचा.

राहिले दोन फटके. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळेत मारायला बंदी आहे, आणि फटक्यानं मेंदूची वाढ तीन वर्षं पुढे सरकत नाही. पहिला बाक, एका वेळी एकच सूचना, आठऐवजी आधी तीन गणितं आणि तिथेच शाबासकी, मध्ये खडू आणायला पाठवणं, हे मात्र उपयोगी पडतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, अध्ययन अक्षमता त्यात आहे, पण एडीएचडी वेगळा नाही. त्यामुळे या मुलांचं बरंचसं शिक्षकावरच येतं.

जे अजून नोकरीत आहेत त्यांच्याकडे कधी ना कधी डॉक्टरांकडून माहितीचा फॉर्म येईल. त्यावर ‘लक्ष देत नाही’ एवढंच लिहू नका. किती मिनिटांनी जागेवरून उठतो, कुठल्या तासाला, कितव्या गणिताला पेन्सिल थांबते, ते लिहा.