चाळीस मीटरवरची खरखर

गेल्या जुलैत आमच्या सोसायटीत एक बातमी पसरली होती. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणे रात्री दहानंतर हातात ट्रान्झिस्टर घेऊन लोकांच्या दारांशी कान लावत फिरतात. बातमी निम्मी खोटी होती. कान ट्रान्झिस्टरला लावलेला होता, दाराला ट्रान्झिस्टर लावला होता. पण दार उघडून उभ्या राहिलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगणं फार अवघड. ‘तुमच्या घरातून खरखर येतेय का, ते बघतोय,’ असं मी चारशे तीनवाल्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी मागे वळून आपल्या वडिलांकडे पाहिलं. वडिलांना दमा आहे.

तर, मी हॅम आहे. म्हणजे हौशी रेडिओवाला. सरकार परीक्षा घेतं, मग लायसन्स आणि ‘व्हीयू’ने सुरू होणारं कॉलसाइन देतं आणि मग घरात बसून, स्वतःच्या यंत्रावरून, स्वतःच्या तारेवरून जगातल्या कुणाही हॅमशी बोलता येतं. राजीव गांधी हॅम होते, जॉर्डनचे राजे हुसेन हॅम होते. ही दोन नावं मी पाहुण्यांना नेहमी सांगतो, कारण तिसरं नाव माझं असतं. पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला: ‘पण आता व्हॉट्सॲप आहे की!’ आहे ना. पण व्हॉट्सॲपवर आधीपासून ओळखीची माणसं भेटतात. सुप्रभातवाली. माझं कॉलसाइन मात्र इथे देत नाही. त्यावरून माणूस शोधणं सोपं असतं आणि आमचे सेक्रेटरी वाचनाचे शौकीन आहेत.

हे सगळं सुरू झालं १९७९ साली, शनिवार पेठेतल्या वाड्यात, एका बदकामुळे. वडिलांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओवर शॉर्टवेव्हला सिलोन शोधता शोधता मध्येच एक बदक बोलायला लागलं. हुबेहूब बदक, पण आवाजात चढउतार, मध्ये पॉज, समोरून दुसऱ्या बदकाचं उत्तर. वडिलांनी रेडिओला दोन चापट्या मारल्या. तो काळ चापट्यांनी यंत्रं दुरुस्त व्हायचा होता. बदकं थांबली नाहीत. शेवटी पलीकडच्या वाड्यातले एक काका, जे एरवी गच्चीवर तारा बांधतात म्हणून चक्रम समजले जायचे, त्यांनी उलगडा केला. ही माणसंच आहेत, ‘सिंगल साइडबँड’वर बोलताहेत. प्रक्षेपणातली मूळ वाहक लहर आणि एक बाजू काढून टाकतात, सगळी ताकद उरलेल्या बाजूत घालतात. काढलेली लहर परत मिसळणारा रिसीव्हर असेल तर माणूस ऐकू येतो, नसेल तर बदक. मी त्याच दिवशी ठरवलं, की आपल्याला ही बदकं माणसांत आणायची आहेत. वडिलांना वाटलं होतं मी सीए होईन.

परीक्षेला मोर्स होतं. बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून ५५५ आयसी, एक छोटा स्पीकर आणि चार फुटकळ भाग आणून मी ‘पीं’ वाजवणारी डबी बनवली. मोर्स वाजवायची दाबकळ, म्हणजे ‘की’, मिळाली जुन्या बाजारात, ती ठोकली आईच्या तडा गेलेल्या पोळपाटावर. आजही तिथेच आहे. वर्षभर मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. दुकानांच्या पाट्या मी मनातल्या मनात डा-डी-डा-डी करत वाचायचो. आजीने खलबत्त्यात वेलदोडे कुटताना एकदा स्वच्छ ‘सीक्यू’ वाजवलं. डा-डी-डा-डी, डा-डा-डी-डा. म्हणजे ‘कुणी आहे का तिकडे?’ मी उत्तर द्यायला धावलो, तर हातात साखरेचा डबा देण्यात आला.

१९८३ला पास झालो. मग पोलीस चौकशी. आलेल्या हवालदारसाहेबांनी चहा घेतला, वाडा पाहिला, वाड्यातली बावीस माणसं पाहिली आणि कागदावर सही करता करता मनापासून विचारलं, ‘एवढी माणसं असताना वायरलेस कशाला लागतो हो?’ या प्रश्नाचं उत्तर मी चाळीस वर्षं शोधतोय. खरं तर बावीस माणसं हेच उत्तर होतं, पण सगळी ऐकत उभी होती.

पहिला ट्रान्समीटर घरी बांधला. त्यात ८०७ नावाचा व्हॉल्व्ह होता, महायुद्धातल्या लष्करी भंगारातून बाजारात आलेला. हात लावला की आपणही भंगारात जाऊ इतकं व्होल्टेज. त्यावर मोर्समध्ये सोव्हिएत युनियनमधला एक निवृत्त गृहस्थ भेटला. संभाषणाच्या शेवटी हॅम लोक ‘७३’ पाठवतात, म्हणजे शुभेच्छा. मला ते ठाऊक होतं. पण गप्पांची पावती म्हणून सोव्हिएत हॅम जी कार्डं पाठवायचे, त्यांवर पत्ता असायचा ‘बॉक्स ८८, मॉस्को’. शिवाय कुणाकुणाला ८८ पाठवतानाही मी ऐकलं होतं. मी तर्क केला, की आकडा मोठा म्हणजे आदर मोठा. वयस्कर माणूस आहे, आपण ८८ पाठवू. दोनदा पाठवलं. पलीकडे बराच वेळ शांतता. ८८ म्हणजे ‘प्रेम आणि चुंबनं’ हे मला आठवड्याने त्याच चक्रम काकांनी सांगितलं. सांगताना ते गच्चीच्या कठड्याला धरून उभे होते.

लग्न ठरताना मी ही हौस लपवली नाही. मात्र एक चूक केली. हॅमांच्या भाषेत मुलीला ‘वायएल’ म्हणतात, यंग लेडी. आणि बायकोला ‘एक्सवायएल’. या एक्सचा अर्थ मी हौसेने फोड करून सांगितला. ३६ वर्षं झाली. अजून कुठल्याही वादात शेवटी ‘एक्स ना मी, माझं कोण ऐकणार’ हे येतंच.

तिची बाजूही सांगायला हवी. वीस वर्षांपूर्वी हैदराबादच्या अशर फरहान यांनी ‘बिटएक्स’ नावाच्या ट्रान्सीव्हरचा, म्हणजे ऐकणं-बोलणं दोन्ही करणाऱ्या सेटचा, आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. चौदा मेगाहर्ट्झवर चालणारा, सहा वॉटचा, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या सुट्या भागांचा. त्यात कॉइल गुंडाळायला महागडे टोरॉइड नकोत, चक्क नळाचे वायसर चालतात. हे वाचून मला जो आनंद झाला तो दहावीच्या निकालाला झाला नव्हता. हार्डवेअरवाल्याकडे डझनभर वायसर मागितले. तो म्हणाला, ‘काका, प्लंबरच बोलवा.’ पंधरा दिवस मी वायसरांवर तांब्याची तार गुंडाळत होतो. सोळाव्या दिवशी न्हाणीघरातला नळ गळायला लागला. घरात बारा वायसर होते आणि एकही नव्हता. बायको काही बोलली नाही, फक्त बादली लावून तिने तो टपटप आवाज रात्रभर चालू ठेवला. त्यातही मला दोन अक्षरं ऐकू आली, पण ती छापण्यासारखी नव्हती.

१९९६ला आम्ही वाड्यातून फ्लॅटमध्ये आलो. माझं ‘स्टेशन’ म्हणजे बंद केलेली बाल्कनी, सहा बाय चार. टेबलावर शंभर वॉटचा ट्रान्सीव्हर, १३.८ व्होल्टचा पॉवर सप्लाय, तारेने किती सिग्नल स्वीकारला आणि किती तोंडावर परत फेकला हे सांगणारा एसडब्ल्यूआर मीटर आणि पोळपाट. भिंतीवर एक घड्याळ जागतिक वेळ दाखवतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. सासूबाई राहायला आल्या होत्या तेव्हा त्यांनी रात्री साडेनऊला घड्याळात चार बघून सगळ्यांचा चहा टाकला. बाहेर अंधार कसा, तर आभाळ भरून आलंय. बाल्कनीच्या खिडकीला केबलसाठी भोक आहे. तिथून जगभरचे सिग्नल येतात, असं मी म्हणतो. डास येतात, असं घरचे म्हणतात.

खरी अडचण अँटेनाची. साध्या डायपोलचा, म्हणजे मधोमध जोडलेल्या सरळ तारेचा, हिशेब असा, की १४३ला मेगाहर्ट्झने भागायचं, लांबी मीटरमध्ये येते. चाळीस मीटरच्या बँडवर, म्हणजे ७.१ मेगाहर्ट्झला, वीस मीटर तार लागते. आमची गच्ची पंधरा मीटर. म्हणून मधोमध पाइप उभा करून तार उलट्या व्ही अक्षरासारखी उतरवली आणि टोकं कठड्यालगत वळवली. आता, गच्चीवर कमरेच्या उंचीला ताणलेली तांब्याची तार सरळमार्गी माणसाला कशी दिसते? वाळत घालायची दोरी. एका रविवारी मी बोलत असताना एसडब्ल्यूआर अचानक तीनवर गेला. वर धावलो, तर तारेवर ओली नऊवारी. तारेच्या टोकाशी प्रक्षेपण चालू असताना व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं, चटका बसतो. हे मी अत्यंत सौम्य शब्दांत सांगितलं. ‘म्हणजे इस्त्रीपण होते का?’ असं त्या आजींनी विचारलं. त्यानंतर टोकं डोक्यावर नेली.

टीव्हीचंही प्रकरण झालं होतं, वाड्यात. रविवारी सकाळी अख्खा वाडा आंघोळ करून पौराणिक मालिकेसमोर बसायचा आणि मी की दाबली की देवांच्या अंगावर पट्टे उमटायचे. दोष शेजाऱ्यांच्या बिनफिल्टरच्या बूस्टरचा होता, पण असुर मी ठरलो. पुढे ३० सप्टेंबर १९९३ची पहाट उजाडली. गणपती विसर्जन आटोपून गावं झोपलेली असताना किल्लारीला भूकंप झाला. टेलिफोन कोलमडले होते. हॅम मंडळी सेट आणि गाडीच्या बॅटऱ्या घेऊन तिकडे गेली, तिथून निरोप पाठवू लागली. मी घरी बसून ऐकायचो, लिहून घ्यायचो, फोन करून पोचवायचो. अमुक जण सुखरूप आहेत. तमुक यांचा पत्ता नाही. वाड्यातली माणसं दाराशी गप्प उभी राहायची. त्या आठवड्यात कुणाच्या टीव्हीवर पट्टे आले नाहीत. म्हणजे आलेच असणार. सहा महिने कुणी तक्रार केली नाही. सातव्या महिन्यात केली.

आता खरखर. पूर्वी आमचा शत्रू वर असायचा. शॉर्टवेव्ह सिग्नल वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून परततात आणि ते थर सूर्याच्या मर्जीवर. दिवसा खालचा थर सिग्नल गिळतो, रात्री तो विरतो आणि दूरदेश ऐकू येतात. शिवाय सुमारे अकरा वर्षांचं सौरडागांचं चक्र. पण सूर्याशी भांडायला सोसायटीची मीटिंग लागत नाही. हल्लीचा शत्रू खाली आहे, भिंतीतल्या सॉकेटमध्ये. प्रत्येक स्वस्त चार्जर, प्रत्येक एलईडी दिवा सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करून व्होल्टेज उतरवतो. त्यात आवाज अडवणारे चार-दोन रुपयांचे भाग घालायचे असतात. ते वाचवले, की घरभरचं वायरिंग अँटेना बनून खरखर पसरवतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सेटवरच्या सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरवर ही खरखर नऊपर्यंत चढली. सिग्नल सोडा, स्वतःचे विचार ऐकू येईनात. मी शोध घ्यायचं ठरवलं. साध्या ट्रान्झिस्टरच्या मीडियम वेव्हवर स्टेशन नसलेली जागा लावायची आणि तो फिरवत न्यायचा. आतल्या फेराइट सळीमुळे दिशा कळते. पंधरा दिवस मी फिरलो. वॉचमन रोज विचारायचा, ‘काका, किती विकेट?’ लिफ्टवर संशय घेतला. जिन्यातल्या दिव्यांवर घेतला. सेक्रेटरींच्या इन्व्हर्टरवर इतका पक्का संशय घेतला, की ‘दहा मिनिटं बंद करता का’ म्हणून चक्क पेढे घेऊन गेलो. त्यांनी पेढे घेतले, इन्व्हर्टर बंद केला. खरखर तशीच. ‘आता तुमचं काय बंद करायचं?’ असं त्यांनी फार गोड आवाजात विचारलं.

घरी येऊन बसलो. बायको निवडत असलेल्या मेथीतून मान वर न करता म्हणाली, ‘अहो, आधी आपला मेन स्विच बंद करून बघितलात का?’

चाळीस वर्षांत मी नवशिक्यांना सांगत आलोय, की खरखर शोधताना पहिलं काम म्हणजे स्वतःच्या घराची वीज घालवून सेट बॅटरीवर चालवायचा. मी म्हटलं, ‘अर्थात बघितलं.’ आणि ती मेथी धुवायला गेल्यावर बघितलं.

शांतता. इतकी शांतता, की इंडोनेशियातली दोन माणसं एकमेकांशी बोलताना ऐकू आली. मग मी एकेक एमसीबी वर करत गेलो. हॉल, काही नाही. स्वयंपाकघर, काही नाही. तिसरा वर केला आणि नऊची खरखर. तिसऱ्यावर देवघर होतं. गणपतीच्या मखराभोवती जूनअखेरीस आणलेली दिव्यांची माळ, तिच्या शेपटीला काडेपेटीएवढा ॲडाप्टर. अखंड चालू.

‘देवाचा दिवा मी बंद करणार नाही,’ बायको म्हणाली.

फेराइटचे मणी, फिल्टर, दुसरा ॲडाप्टर असे तोडगे मी मांडले. ती म्हणाली, त्या माळेला तुम्ही हात लावायचा नाही, वायसरचं काय झालं ते मला माहीत आहे. शेवटी तह झाला. रात्री नऊनंतर माझं बोलणं होईपर्यंत माळ बंद, त्या वेळात देवापुढे निरांजन.

त्याच रात्री सव्वानऊला मी पोळपाट पुढे ओढला. सीक्यू दिलं. तिसऱ्या हाकेला एक जपानी आला, तिकडे रात्रीचे पावणेएक. वय ७९, हे त्याने आपणहून सांगितलं. सिग्नल उत्तम. त्याच्याकडे पाऊस. मी कळवलं, इथेही पाऊस. त्याने आपली अँटेना सांगितली, मी माझी सांगितली, टोकं वळवल्याचं सांगितलं. त्याचीही वळवलेली होती. त्याच्या खालच्या मजल्यावरही कुणीतरी राहत होतं. आम्ही रंगात आलो होतो.

‘अहो,’ देवघरातून आवाज आला, ‘तुमचा जपानी अजून किती वेळ बोलणार आहे? तूप संपत आलंय.’

मी निरोपाचं वाजवायला घेतलं.

‘आणि त्र्याहत्तरच पाठवा हं,’ ती म्हणाली.