‘ओएशो’ मी चिकटवलेला नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कुषाण नाण्यांवरच्या राजांबद्दल आणि देवांबद्दल मागे लिहिलेल्या लेखाखाली आपली प्रतिक्रिया वाचली. त्या लेखात नाण्यांवरच्या त्रिशूळधारी देवाला मी महादेव न म्हणता, नाण्यावर लिहिलंय तसं ‘ओएशो’ म्हटलं होतं. आपण नाव दिलेलं नाही, तेव्हा नुसतं ‘आपण’ म्हणतो. मुख्य वाक्य जसंच्या तसं इथे देतो, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल: ‘त्रिशूळ दिसतो, नंदी दिसतो, तरी महादेव म्हणायला तुमची जीभ रेटत नाही, ओएशो असलं परकं नाव चिकटवायचा हा तुम्हा लोकांचा जुनाच उद्योग. आधी एखादं नाणं हातात घेऊन बघा.’

‘तुम्हा लोकांचा’ म्हणजे कुणाचा, ते आपण सांगितलेलं नाही. मतभेद असू शकतो, पण हेतूवर शंका घेऊन सुरुवात केली की पुढचं बोलणं अवघड होतं. आणि नाणं हातात घेण्याबद्दल म्हणाल तर बावीस वर्षं कुषाण तांबं भिंगाखाली धरतो आहे. याहून जास्त स्वतःबद्दल लिहायची इच्छा नाही.

एक चूक मात्र आपण बरोबर पकडलीत. कनिष्काचा बाप विम कडफिसेस याच्या द्विदीनाराचं, म्हणजे दोन दीनारांच्या सोन्याच्या नाण्याचं वजन मी १८ ग्रॅम लिहिलं होतं. दीनार सुमारे ८ ग्रॅमचा, तेव्हा त्याची दुप्पट १६ च्या किंचित आत भरते. शाळकरी मुलालाही जमला असता असा हिशेब. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता ओएशो. हे नाव कनिष्काच्या टांकसाळीनं नाण्यावर कोरलेलं आहे. लिपी ग्रीक, भाषा बाख्त्री (उत्तर अफगाणिस्तानातल्या बाल्खकडची जुनी इराणी भाषा), अक्षरं चार: ओमिक्रॉन, ईटा, मग ‘श’साठी बाख्त्रीनं ग्रीक वर्णमालेत घातलेलं जादा अक्षर, आणि पुन्हा ओमिक्रॉन. हे जादा अक्षर ग्रीक ‘ऱ्हो’सारखंच दिसतं, फक्त त्याची दांडी वर डोकं काढते. ते डोकं झिजलं की ‘श’चा ‘र’ होतो. म्हणून जुन्या पुस्तकांत कनिष्क ‘कनेर्की’ म्हणून सापडतो आणि हा देव ‘ओक्रो’ म्हणून. त्या ‘ओक्रो’ला संस्कृत ‘उग्र’ जोडून शिवाचं नाव सापडल्याचा आनंदही साजरा झाला होता. ऑरेल स्टाइन यांनी १८८७ मध्ये त्या अक्षराचा ‘श’ दाखवून दिला, आणि ‘उग्र’चा आधार गेला. परकं नाव चिकटवण्याचा उद्योग म्हणालात ना? इथे तर घरचं नाव चिकटवलेलं होतं, आणि तेही चुकीच्या वाचनावर.

उच्चाराचंही बघा. बाख्त्रीत शब्दाच्या सुरुवातीचा ‘ओ’ पुष्कळदा ‘व’साठी येतो. याच कनिष्काच्या नाण्यांवर अंगरख्याचं शीड करून धावणारा वाऱ्याचा देव आहे. त्याचं नाव अक्षरशः ‘ओआदो’ असं लिहिलंय आणि वाचायचं ‘वादो’. त्याच न्यायानं ‘ओएशो’ होतो ‘वेशो’. इथून अवेस्तातल्या (पारशी धर्मग्रंथातल्या) वायूकडे वाट जाते, आणि समरकंदच्या बाजूच्या सोग्दी भाषेतल्या वेशपर्कर या देवाकडेही. ताजिकिस्तानातल्या पंजकंटच्या भित्तिचित्रात हा वेशपर्कर तीन तोंडांचा आहे आणि चित्रावर त्याचं नाव लिहिलेलं आहे. वारा एकदा ‘वादो’ म्हणून आला असताना वायू दुसऱ्यांदा कशाला, असं कुणी विचारेल. अवेस्तात वात आणि वायू हे दोन वेगळे देव आहेत, म्हणून.

आता त्रिशूळ आणि नंदी. चित्र ओळखलं की देव ओळखला, असं आपण धरून चाललात. कुषाण नाण्यांत नेमकी हीच गोष्ट चालत नाही. कनिष्काच्या अगदी सुरुवातीच्या नाण्यांवर लेख ग्रीक भाषेत आहे आणि देवांची नावं हेलिओस (सूर्य), सालेने (चंद्र), हेफाइस्तोस (अग्नी), ननाइया (देवी) अशी. मग भाषा बदलून बाख्त्री होते, राजाची पदवी ‘शाओनानोशाओ’ (राजांचा राजा) होते आणि देव होतात मिइरो, माओ, अथ्शो, नना. चित्रं बहुतांशी तीच! किरणांची प्रभावळ घेतलेला काल हेलिओस होता, आज मिइरो. आपल्या न्यायानं त्याला आम्ही कायमचा हेलिओस म्हणायचं का? मिइरो आणि माओ यांचा तर पोशाखही सारखाच, हात पुढे करण्याची ढबही तीच. फरक एवढाच की एकाच्या डोक्यामागे किरणं आणि दुसऱ्याच्या खांद्यामागे चंद्रकोर. झिजलेल्या तांब्यावर हे दोन्ही आधी जातं. अशा वेळी कडेच्या अक्षरांशिवाय ओळख पटत नाही, आणि जो पटली म्हणतो तो अंदाज करत असतो.

शिवाय कुषाणांना भारतीय नाव लिहायचं असलं की ते ते सरळ लिहीत. कनिष्काकडे ‘बोद्दो’ आहे, ‘सकमनो बोद्दो’ म्हणजे शाक्यमुनी बुद्ध आहे. कनिष्काच्या नंतरच्या हुविष्काच्या सोन्यावर ‘स्कन्दो कोमारो’, ‘बिज़ागो’ आणि ‘मासेनो’ आहेत, म्हणजे स्कंदकुमार, विशाख, महासेन. अफगाणिस्तानात १९९३ मध्ये सापडलेल्या रबातकच्या शिलालेखात तर देवांच्या यादीत स्रोशर्द या इराणी देवाच्या नावाच्या वर, दोन ओळींच्या मध्ये, बारीक अक्षरांत भर घातली आहे: याला भारतीय भाषेत महासेन म्हणतात, विशाख म्हणतात. ‘आपला’ देव कोणता, ‘त्यांच्याकडे’ त्याला काय म्हणतात, याचं भान त्यांना होतं. मुलाला, म्हणजे स्कंदाला, भारतीय नाव देणाऱ्या टांकसाळीला बापाचं ‘महेश्वर’ लिहिता आलं नसतं, हे मला पटत नाही.

‘पण विम राजानं स्वतःला महेश्वर म्हणवलं आहे’ असं आपण कंसात टाकलंय, जणू त्यानं निकाल लागला. लेखात मी याचे दोन्ही अर्थ दिले होते. वाचले असतेत तर बरं झालं असतं. विमाच्या नाण्यांवरच्या खरोष्ठी लिपीतल्या लेखात ‘सर्वलोग ईश्वरस महिश्वरस’ आहे. खरोष्ठीत इकाराची रेघ अक्षराला छेदून जाते, एकाराची वरच्या टोकाला लागते, आणि इथे ‘हि’ आहे. ‘सर्व लोकांचा ईश्वर’ म्हटल्यावर लगेच ‘मही-ईश्वर’, पृथ्वीचा स्वामी, हे ओघानं येतं. ‘माहेश्वर’, म्हणजे शिवभक्त, हा अर्थही होऊ शकतो, कारण गांधारीत, म्हणजे या लेखाच्या प्राकृत भाषेत, ए आणि इ एकमेकांच्या जागी येतात. दोन्ही वाचनं अभ्यासकांनी मांडलेली आहेत.

खरं तर आपल्या बाजूनं याहून चांगला पुरावा होता. हुविष्काच्या एका सुवर्णनाण्यावर ओएशोसमोर ‘ओम्मो’ उभी आहे, म्हणजे उमा. सोग्दी बौद्ध ग्रंथांत महादेवाच्या जागी वेशपर्कर येतो. यावरून हे रूप शिवाचंच घेतलंय असं म्हणता येतं आणि मीही ते म्हटलंय. मथुरेतल्या माणसानं या नाण्याला बघून हात जोडले असतील तर ते महादेवालाच. पण बाल्खच्या माणसानं काय म्हटलं असेल ते नाण्यावर लिहिलेलं आहे, आणि माझा लेख बाल्खच्या बाजूनं होता. हे मुद्दे आपण मांडले असतेत तर बोलण्यात मजा होती. आपण ‘तुम्हा लोकांचा उद्योग’ मांडलात.

बाकीचं थोडक्यात. राजाचं चित्र हे खरं व्यक्तिचित्र नव्हे म्हणता, तर विमाचं मोठं नाक आणि गालावरची चामखीळ बघा. कनिष्काच्या तांब्यावर चेहरा दोन-तीन मिलिमीटरचा असतो, तिथे ओळख लांब अंगरखा, बूट आणि वेदीपुढे झुकवलेला हात यांवरून होते. मथुरेजवळच्या माटच्या पुतळ्याला तर डोकंच नाही, तरी तो कनिष्क म्हणून ओळखला गेला, कारण अंगरख्यावर नाव कोरलेलं आहे. पुन्हा नावच! इसवी सन ७८ आणि शककाल हा वेगळा विषय आहे. कनिष्काच्या राज्याचा आरंभ मी इसवी सन १२७ धरतो, ते का, हे इथे मावणार नाही. ‘पाश्चात्त्यांची री ओढणे’ वगैरेला उत्तर देत नाही.

राहता राहिलं आपल्या घरचं तांब्याचं नाणं, ज्यावर ‘स्पष्ट महादेव’ आहे आणि ‘कुठलंही ओएशो-फिएशो नाही’. नसेलच. देवाच्या मागे बैल असेल आणि कडेनं गोल खरोष्ठी लेख फिरत असेल, तर ते विमाचं आहे. विम देवाचं नाव लिहीतच नाही, सगळी जागा स्वतःच्या पदव्यांना देतो. बैल नसेल, देवाला चार हात असतील आणि एका बाजूला चारच अक्षरं असतील, तर कनिष्काचं. तिथे तिसऱ्या अक्षराची दांडी वर जाते का ते पाहा. पूर्ण वजनाचं मोठं नाणं १६-१७ ग्रॅमचं असतं, झिजलेलं त्याहून हलकं. फोटो पाठवायचा असेल तर फ्लॅश बंद ठेवा, दिवा एका बाजूनं अगदी खाली, टेबलाला जवळजवळ टेकवून धरा आणि नाणं थोडं थोडं फिरवत चार फोटो घ्या. सावलीत अक्षरं उठतात. ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून मऊ ब्रशनं माती काढा. चिंच, लिंबू, पीतांबरी यातलं काही लावू नका. हिरवा थर जातो आणि त्याच्याबरोबर अक्षरांच्या कडाही जातात. आधीच लावलं असेल, तर ‘ओएशो-फिएशो’ न दिसण्याचं कारण तेही असू शकेल.